राहून गेलेला निरोप: ‘जुजुत्सु कायसेन’चा शून्यावा खंड मूळ कथेला खोली कशी देतो

४ डिसेंबर २०१८ रोजी जपानमध्ये ‘जुजुत्सु कायसेन’ या मंगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, दोन खंड एकाच दिवशी विक्रीला आले. एकावर ३ हा आकडा होता आणि दुसऱ्यावर ०. तिसरा खंड म्हणजे मार्च २०१८ मध्ये ‘साप्ताहिक शोनेन जंप’मध्ये सुरू झालेल्या मालिकेचा पुढचा भाग होता. शून्याव्या खंडातली चार प्रकरणे मात्र त्याहून जुनी होती. गेगे अकुतामी या टोपणनावाने लिहिणाऱ्या आणि चित्रे काढणाऱ्या लेखकाने ती २०१७ च्या एप्रिल ते जुलै या काळात ‘जंप गिगा’ या मासिकात वेगळ्याच शीर्षकाखाली प्रसिद्ध केली होती, आणि तेव्हा मूळ मालिका अस्तित्वातच नव्हती. म्हणजे ज्या कथेला आज सगळे पूर्वकथा म्हणतात, ती लिहिली गेली तेव्हा कशाचीच पूर्वकथा नव्हती. ती आपल्यापुरती पूर्ण असलेली एक छोटी शोककथा होती, आणि तिला पूर्वकथेचे स्थान मागाहून मिळाले.

ही गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे पूर्वकथेविषयीचा एक सर्वसाधारण गैरसमज दूर व्हायला मदत होते. पूर्वकथेचे काम माहिती पुरवणे आहे, म्हणजे अमुक पात्र असे का वागते, त्याची ही जखम कुठली, हे शस्त्र त्याच्याकडे कसे आले, अशा प्रश्नांची उत्तरे देणे आहे, असे आपण धरून चालतो. पण अशी उत्तरे वाचून झाली की कुतूहल शमते आणि मूळ कथा जिथे होती तिथेच राहते. मूळ कथा खोल होते ती पूर्वकथेत काही देणे बाकी राहिले असेल तरच: एखादा निरोप अर्धवट राहिला असेल, एखादे कर्तव्य प्रेमापोटी टाळले गेले असेल, आणि त्याची वसुली मूळ कथेत होत असेल. शून्याव्या खंडात असे एक देणे आहे. ते कोणते आणि त्याची वसुली कशी होते, हे या लेखात क्रमाने पाहू. त्यासाठी कथानकातल्या जवळपास सगळ्या महत्त्वाच्या घटना उघड कराव्या लागणार आहेत, तेव्हा ज्यांनी हा मंगा अजून वाचलेला नाही आणि ज्यांना रसभंग नको आहे, त्यांनी इथेच थांबलेले बरे.

सर्वप्रथम या जगातला ‘शाप’ समजून घ्यावा लागतो, कारण मराठी वाचकाच्या मनात त्या शब्दाचे वेगळेच चित्र असते. आपल्या पुराणकथांत शाप वाणीतून येतो. कोणी ऋषी कोपतो, शब्द उच्चारतो, आणि बहुतेकदा त्याच्यामागोमाग उःशापही देतो, म्हणजे सुटकेची वाट आधीच आखून ठेवलेली असते. अकुतामींच्या जगात शापाला ना ऋषी लागतो ना उच्चार. माणसांच्या मनातली भीती, द्वेष, पश्चात्ताप, दुःख यांतून एक शक्ती सतत झिरपत असते. ती साचली की तिच्यातून शापित आत्मे जन्म घेतात आणि माणसांना मारतात. सामान्य माणसाला हे आत्मे दिसत नाहीत. ज्यांना ते दिसतात आणि ज्यांना स्वतःमधली ही शक्ती आवरता व वापरता येते, ते मांत्रिक या आत्म्यांचा बंदोबस्त करतात, आणि त्यांना शिकवणारी एक शाळा टोकियोत आहे. उःशापाची सोय मात्र इथे कोणीच करून ठेवलेली नाही.

या कल्पनेची मुळे जपानी परंपरेत खरोखरच आहेत. सुगावारा नो मिचिझाने हा जपानच्या हेइआन काळातला विद्वान दरबारातल्या कारस्थानांमुळे राजधानीतून दूर दाझाइफुला धाडला गेला आणि इ.स. ९०३ मध्ये तिथेच मरण पावला. त्यानंतर राजधानीत जे मृत्यू आणि अपघात घडले, विशेषतः ९३० साली राजवाड्यावर जी वीज कोसळली, त्यांचा संबंध लोकांनी त्याच्या संतप्त आत्म्याशी जोडला. त्याला शांत करण्यासाठी पुढे क्योतोमध्ये त्याचे देऊळ उभारले गेले, आणि आज विद्यार्थी परीक्षेच्या आधी त्याच मिचिझानेपुढे विद्येचा देव म्हणून हात जोडतात. अन्यायाने मेलेल्याची भावना विझत नाही, ती जिवंतांच्या जगावर उलटते आणि तिची समजूत काढावी लागते, ही धारणा या मंगाच्या पायाशी आहे. शून्याव्या खंडाचा नायक या मिचिझानेचाच दूरचा वंशज निघतो. माझ्या मते तो खुलासा त्या खंडातला सर्वांत कमकुवत धागा आहे. त्यातून नायकाच्या अफाट शक्तीचा उगम कळतो, पण त्याचे दुःख त्यामुळे तसूभरही खोल होत नाही.

दुःखाची खरी गोष्ट याहून साधी आहे. युता ओक्कोत्सु आणि रिका ओरिमोतो ही दोन लहान मुले. मोठे झाल्यावर लग्न करायचे असे त्यांनी ठरवलेले असते आणि रिकाने त्याला एक अंगठीही दिलेली असते. एके दिवशी युताच्या डोळ्यांदेखत गाडीखाली सापडून रिकाचा मृत्यू होतो, आणि त्याच क्षणी ती एका महाभयंकर शापित आत्म्याच्या रूपात त्याला चिकटते. पुढची सहा वर्षे जो कोणी युताला त्रास देतो त्याच्यावर ती तुटून पडते. शाळेतल्या चार गुंड मुलांना ती एका कपाटात कोंबते, तिथून कथेला सुरुवात होते. मांत्रिकांच्या वरिष्ठ मंडळाने या मुलाला गुपचूप ठार मारण्याचा निर्णय घेतलेला असतो. त्या काळातला सर्वांत सामर्थ्यवान मांत्रिक सातोरू गोजो मध्ये पडतो आणि त्याला टोकियोच्या शाळेत आणतो. तिथे माकी झेनिन, तोगे इनुमाकी आणि चक्क एक बोलणारा पांडा असे सहाध्यायी युताला मिळतात, आणि कोणाच्या तरी उपयोगी पडावे, आपल्या जगण्याला काही अर्थ असावा, असे त्या एकाकी मुलाला प्रथमच वाटू लागते.

रिकाने युताला शापले असे सगळे समजत असतात. आपणच तर तिला शापले नाही ना, अशी शंका युताला मध्येच येऊन जाते, तरी वाचक पहिलेच धरून चाललेला असतो. शेवटी गोजो त्याला सांगतो की घडले ते नेमके उलटे. रिका मेली हे युताला मान्य करता आले नाही, त्याने तिला जाऊ दिले नाही, आणि त्या नकाराच्या बळावरच तिचा आत्मा बांधला गेला. शाप देणारा तो होता. प्रेमाइतका वेडावाकडा शाप दुसरा नाही, अशा अर्थाचे गोजोचे उद्गार या मंगाच्या वाचकांमध्ये अतिशय प्रसिद्ध आहेत, पण ते बहुधा त्यांच्या संदर्भातून तोडून सांगितले जातात आणि मग नुसते सुभाषित उरते. मूळ प्रसंगात त्यांचा रोख स्पष्ट आहे: मेलेल्याला निरोप न देणे ही कृती आहे, तिचे परिणाम असतात, आणि ती प्रेमातून झाली म्हणून ते परिणाम सौम्य होत नाहीत. युता अखेर रिकाला सोडतो. जिवंतपणापेक्षा ही सहा वर्षेच अधिक सुखाची गेली असे म्हणत ती त्याचे आभार मानते आणि निघून जाते. निरोप उशिरा होतो, पण पुरा होतो.

याच खंडात दुसरा एक निरोप आहे आणि तो पुरा होत नाही. सुगुरू गेतो हा गोजोचा विद्यार्थिदशेतला मित्र. आता तो बंडखोर आहे. मांत्रिक नसलेल्या सर्व माणसांना तो माकडे म्हणतो आणि त्यांचा समूळ नाश करून फक्त मांत्रिकांचे जग उभारू पाहतो. त्यासाठी त्याला रिकाची शक्ती हवी असते. २४ डिसेंबर २०१७ रोजी तो टोकियोतले शिंजुकु आणि क्योतो या दोन ठिकाणी प्रत्येकी एक हजार शापित आत्मे सोडतो, सगळ्या मांत्रिकांना तिकडे गुंतवतो आणि स्वतः ओस पडलेल्या शाळेवर चालून जातो. युताकडून तो हरतो. एक हात गमावून रक्तबंबाळ अवस्थेत एका गल्लीत भिंतीला टेकून बसलेला असताना गोजो तिथे येतो. दोघे थोडे बोलतात. अखेरीस गोजो त्याला काहीतरी सांगतो. ते शब्द लेखकाने आपल्याला वाचू दिलेले नाहीत. गेतो हसतो, निदान शेवटी तरी मला थोडे शिव्याशाप द्यायचे होतेस असे म्हणतो, आणि दृश्य तिथेच तुटते. मृत्यू थेट दाखवलेलाच नाही. नंतर युताचे हरवलेले ओळखपत्र गोजो त्याला परत देतो. तुम्हाला सापडले का, असे युता विचारतो, तेव्हा गोजो म्हणतो की मला नाही, माझ्या मित्राला, माझ्या एकुलत्या एका मित्राला.

सुटा वाचला तर हा शेवट एका खलनायकाला दिलेला थोडा मोठ्या मनाचा निरोप वाटतो. गेतो असा का झाला हे त्या चार प्रकरणांत जवळपास सांगितलेलेच नाही. दोघांची मैत्री एवढीच की ती होती आणि आता संपली. आपण फक्त कडा पाहतो, दरी किती खोल आहे ते दिसत नाही.

मूळ मालिकेतल्या घटना जून २०१८ मध्ये सुरू होतात. नवा नायक युजी इतादोरी सेंदाईतल्या शाळेत एका प्राचीन राक्षसाचे, सुकुनाचे, वाळलेले बोट गिळतो, आणि त्यालाही तीच देहान्ताची शिक्षा होते. ती पुढे ढकलून घेणाराही पुन्हा गोजोच असतो. सुरुवातीच्याच प्रकरणांत शापित आत्म्यांसोबत कट शिजवताना एक माणूस दिसतो. चेहरा गेतोचा, पोशाख गेतोचा, फक्त कपाळावर टाके घातल्याची एक आडवी रेघ. ज्यांनी ‘जंप गिगा’तली प्रकरणे वाचली नव्हती त्यांच्या दृष्टीने तो नुसता एक नवा खलनायक होता; ज्यांनी वाचली होती ते गोंधळले, कारण गोजोने या माणसाला संपवले असा त्यांचा समज होता. गल्लीतले ते तुटलेले दृश्य इथे प्रथम उपयोगी पडते. मृत्यू दाखवलेला नसल्याने वाचकाला स्वतःच्याच आठवणीवर शंका घ्यावी लागते, आणि ही शंका लेखक पुढे दीड-दोन वर्षे तशीच लोंबकळत ठेवतो.

मग ६५ ते ७९ या प्रकरणांत कथा अचानक २००६ मध्ये मागे जाते. या पूर्वकथेच्याही पूर्वकथेत गोजो आणि गेतो शाळेच्या दुसऱ्या वर्गात आहेत, आपण दोघे मिळून सर्वांत बलवान आहोत या मस्तीत आहेत, आणि रिको अमानाई नावाच्या शाळकरी मुलीच्या रक्षणाचे काम त्यांच्याकडे आले आहे. तेंगेन नावाच्या अमर मांत्रिकाशी एकरूप होणे हे तिचे नियत आहे. ते म्हणजे एका अर्थी मृत्यूच असल्याने, मुलीने नको म्हटले तर तिला परत न्यायचे, असे या दोघांनी आपसात ठरवलेले असते. ओकिनावातला एक दिवस ते तिला मनमुराद हसू-खेळू देतात. अखेरच्या क्षणी ती आपल्याला अजून जगायचे आहे असे सांगते, गेतो तिच्यापुढे हात करतो, आणि तोजी फुशिगुरो या भाडोत्री मारेकऱ्याच्या बंदुकीची गोळी तिच्या डोक्यातून आरपार जाते.

पुढच्या प्रसंगात गोजो तिचे प्रेत उचलून बाहेर येतो तेव्हा तिच्या मृत्यूची इच्छा धरून बसलेल्या पंथाची माणसे हसत टाळ्या वाजवत असतात. साधी, निःशस्त्र, मांत्रिक नसलेली माणसे. यांना मारून टाकू का, असे गोजो विचारतो, आणि त्यात काही अर्थ नाही असे सांगून त्याला थांबवतो तो गेतो. दुर्बलांचे रक्षण हेच मांत्रिकाचे काम, असे मानणारा त्या दोघांतला नीतिमान मुलगा गेतो होता. गेतो शापित आत्मे वश करण्यासाठी ते गिळतो, आणि त्यांची चव ओकारी पुसलेल्या फडक्यासारखी असते. हे तो ज्या माणसांसाठी करतो त्यांच्यात त्या टाळ्या वाजवणारेही आले. पुढच्या उन्हाळ्यात त्याचा मनमिळाऊ कनिष्ठ सहाध्यायी हाइबारा मोहिमेवर मारला जातो. गोजो आता एकटाच सर्वांत बलवान झालेला असतो आणि एकट्यानेच मोहिमांवर जात असतो, त्यामुळे मित्र आतून पोखरला जात असल्याचे त्याच्या ध्यानात येत नाही. शेवटी दोन लहान मांत्रिक मुलींना पिंजऱ्यात कोंडून मारहाण करणाऱ्या एका खेड्यातल्या ११२ लोकांना गेतो ठार मारतो. शिंजुकुच्या गर्दीत दोघे समोरासमोर येतात तेव्हा गोजोचा हात वार करण्यासाठी उठतो, पण वार होत नाही.

गेतो वाईट का झाला याचे उत्तर इथे मिळते, हे खरेच. पण माझ्या दृष्टीने या पंधरा प्रकरणांचे मोल त्या उत्तरात नाही. ती वाचून शून्याव्या खंडातली गल्ली पुन्हा उघडून पाहावी. चित्रांतली एक रेघ बदललेली नाही, तरी दृश्य निराळे झालेले असते. तिथे बसलेला माणूस आता आपल्याला ओकिनावाच्या समुद्रकिनाऱ्यापासून ओळखीचा असतो, आणि समोर उभ्या असलेल्याला दहा वर्षांपूर्वी न करता आलेला वार आता करावाच लागणार असतो. पुढे काय होणार ते आपल्याला आधीच ठाऊक असल्याने २००६ मधला प्रत्येक हसरा प्रसंगही सुखाने वाचता येत नाही. शोकांत पूर्वकथेचे बळ याच विचित्र स्थितीत असते. भारतीय युद्धाचा शेवट पाठ असलेल्या आपल्या श्रोत्याला आदिपर्वातली भावंडांची क्रीडा ऐकताना जी रुखरुख लागते, ती याच जातीची आहे.

या भूतकाळानंतर जेमतेम दहा-बारा प्रकरणांत, ३१ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री, टोकियोतल्या शिबुयाच्या भुयारी रेल्वेस्थानकात देण्याची वसुली होते. गोजोला युद्धात हरवता येत नाही, म्हणून शत्रूंनी त्याला एका शापित वस्तूत कोंडण्याचा बेत आखलेला असतो. तिची अट अशी की सावज तिच्यापासून चार मीटरच्या आत एक मिनिटभर राहिले पाहिजे. जो माणूस क्षणार्धात कुठेही जाऊ शकतो त्याला एक मिनिट कसे थांबवणार? पण ते मिनिट घड्याळाचे नसते, सावजाच्या मनातले असते. गोजोच्या मागून गेतोचा आवाज येतो, तो वळतो, समोर मेलेला मित्र उभा असतो, आणि त्या मित्रासोबतची तीन वर्षे त्याच्या मनातून एका झटक्यात सरकून जातात. मिनिट भरते.

ही तीन वर्षे वाचकाने नुकतीच वाचलेली असतात, आणि इथेच रचनेचे कसब कळते. लेखक गोजोच्या आठवणींची फक्त ओझरती चित्रे दाखवतो, कारण बाकीचे वाचकाच्या मनात आधीच साठलेले आहे. तो भूतकाळ आधी आला नसता तर सापळ्याचे हे कलम निव्वळ सोयीस्कर वाटले असते. तो आल्यामुळे सापळ्यात गोजोबरोबर वाचकही सापडतो.

आणि मग त्या टाक्यांचा उलगडा होतो. गेतोच्या देहात केंजाकु नावाचा शतकानुशतके देह बदलत आलेला मांत्रिक वसलेला असतो. तो गोजोला सांगतो की गेतोचे शव तू इएइरीकडे विल्हेवाटीसाठी दिले नाहीस, म्हणून ते माझ्या हाती आले. शोको इएइरी ही त्या दोघांची वर्गमैत्रीण आणि शाळेची वैद्य. मांत्रिकांच्या शवांची रीतसर व्यवस्था तिच्याकडे असते. गोजोने ती व्यवस्था टाळली. का टाळली हे तो कधी सांगत नाही आणि सांगण्याची गरजही नाही. युताला शापाचा अर्थ समजावून सांगणाऱ्या शिक्षकाने त्याच दिवशी, त्याच प्रेमापोटी, युताचीच चूक केली होती. रिकाला बांधून ठेवले युताच्या नकाराने. गेतोचा देह शत्रूला मिळाला तो गोजोच्या हळवेपणाने. शून्याव्या खंडातली दोन कथानके शेजारी शेजारी ठेवलेली आहेत असे वाटत होते, ती एकमेकांचा आरसा आहेत हे शिबुयात कळते. किती काळ स्वतःला असे वापरू देणार आहेस, असे गोजो त्या देहावर ओरडतो, तेव्हा गेतोचा उजवा हात आपणहून उठून केंजाकुचाच गळा धरतो.

अकुतामींना २०१७ मध्ये हे सगळे ठाऊक होते का, या प्रश्नात मला फारसे स्वारस्य नाही. तुटलेले दृश्य, न ऐकू आलेले वाक्य आणि शवाविषयी कथेने पाळलेले मौन या जागा तिथे होत्या, आणि पुढच्या लेखनाने त्यांच्यावर इमारत उभी केली, एवढे पुरेसे आहे. सगळ्या जागा बुजवून टाकणारी कथा लिहिली असती तर पुढे बांधायला काही उरले नसते.

युताच्या बाबतीतही हेच, जरा कमी तीव्रतेने. मूळ मालिकेत त्याचे नाव बराच काळ फक्त ऐकू येते. शिबुयानंतर तो प्रकटतो तो युजीची शिक्षा अमलात आणणारा मारेकरी म्हणून. नव्या वाचकाला तो एक थंड, भयावह अनोळखी वाटतो. शून्यावा खंड वाचलेल्याला हा मुलगा स्वतः त्याच शिक्षेतून वाचला आहे हे ठाऊक असल्याने तो वेगळीच अपेक्षा धरून पाने उलटतो. युता युजीचे हृदय थांबवतो आणि लगेच त्याला परत जिवंत करतो, म्हणजे वरिष्ठांना दिलेला शब्दही पाळतो आणि गोजोने सोपवलेली जबाबदारीही. त्याच्यासोबत आता जी रिका असते ती मूळची मुलगी नसते, तिने मागे ठेवलेली शक्ती असते. निरोप खरोखरच झालेला आहे, हे लेखकाने आवर्जून जपले आहे.

मग वाचावे कोणत्या क्रमाने? काही जण शून्यापासून सुरुवात करा म्हणतात, काही जण मालिकेचा पहिला मोठा टप्पा संपल्यावर शून्याकडे वळा म्हणतात. मी प्रकाशनाच्या क्रमाच्या बाजूचा आहे. आधी शून्य, मग मूळ कथा, आणि २००६ चा भूतकाळ लेखकाने ठेवला आहे तिथेच. घटनांच्या कालक्रमाने वाचायला गेलात तर गेतोच्या कपाळावरची रेघ दिसल्यावर होणारा गोंधळ आणि शिबुयातले ते मिनिट, दोन्हींची धार बोथट होते. ‘माप्पा’ या स्टुडिओने शून्याव्या खंडावर केलेला चित्रपट २४ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे कथेतल्या त्याच तारखेला, जपानमध्ये प्रदर्शित झाला. तोवर दूरचित्रवाणीवर मूळ कथेचा पहिला हंगाम होऊन गेला होता, त्यामुळे पडद्यावरून आलेल्या बहुतेक प्रेक्षकांना टाक्यांचा माणूस आधी भेटला आणि गेतो नंतर.

ही तारीख मूळ कथेत एकदा परत येते. कोंडीतून सुटल्यावर गोजो सुकुनाशी अंतिम लढतीचा दिवस ठरवतो, २४ डिसेंबर २०१८. केंजाकु अजून गेतोच्याच देहात असतो आणि त्यालाही मारायचेच असते; पुण्यतिथी दोन-दोन झाल्या तर घोटाळा होईल, अशा आशयाचे काहीतरी गोजो जवळजवळ गमतीने बोलून जातो. त्या लढतीत, शिंजुकुमध्ये, मरतो तो गोजो. केंजाकुचे डोके उडवण्याचे काम पुढे युताच्या वाट्याला येते, आणि गोजोला आपला मित्र दुसऱ्यांदा मारावा लागत नाही.